एक वॉकर गेला, तीन सुपर बोल आले: अमेरिकन फुटबॉलमधल्या ‘ड्राफ्ट पिक’चा हिशेब

२८ ऑगस्ट २०२५ ला, हंगाम तोंडावर आलेला असताना, डॅलस काउबॉइज या संघाने आपला सर्वांत धोकादायक बचावपटू मायका पार्सन्स ग्रीन बे पॅकर्सला देऊन टाकला. बदल्यात आला तिशीला टेकलेला केनी क्लार्क, आणि २०२६ व २०२७ सालचे ‘पहिल्या फेरीचे दोन पिक’, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचे हक्क. डॅलसच्या आजूबाजूला, प्लेनो-फ्रिस्कोकडे, मराठी कुटुंबं बरीच आहेत. त्या घरांत पाहुणे म्हणून गेलेल्या आईबाबांनी टीव्हीवरचा तो गदारोळ पाहून विचारलं असेल, की अरे, एवढा हिरा दिला आणि घेतलं काय? पुढच्या वर्षीचं काहीतरी? हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागायची ही कुठली रीत?

प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी मात्र याच संघाने ३६ वर्षांपूर्वी केलेल्या एका व्यवहाराकडे जावं लागेल. पार्सन्सला दिलं त्या दिवशी संघमालक जेरी जोन्स यांनीही त्याच व्यवहाराची आठवण काढली होती.

एक खुलासा आधीच करतो. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर किंवा गोव्यात खेळतात तो हा फुटबॉल नव्हे. हा अमेरिकन फुटबॉल. लंबगोल चेंडू, शिरस्त्राणं, एकमेकांवर आदळणारी माणसं. त्याच्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये आज ३२ संघ आहेत. खेळाचे नियम माहीत नसले तरी या लेखापुरतं अडत नाही.

## लिलाव नव्हे, रांग

आपल्याला सवय आयपीएलची. खेळाडूच्या नावाचा पुकारा होतो, संघ बोली लावतात, जास्त पैसे टाकेल त्याचा खेळाडू. अमेरिकेत कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या नव्या खेळाडूंची वाटणी अशी होत नाही. तिथे दरवर्षी एप्रिलमध्ये ‘ड्राफ्ट’ होतो. संघ रांगेत उभे राहतात आणि आपली पाळी आली की एक नाव घेतात. ते नाव घेतलं की त्या खेळाडूशी करार करण्याचा हक्क फक्त त्याच संघाचा. अशा सात फेऱ्या होतात.

रांग लागते उलटी. गेल्या हंगामात जो सर्वांत वाईट खेळला तो सर्वांत पुढे आणि विजेता सर्वांत मागे. ही कल्पना १९३५ साली फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी मांडली. त्यांचा स्वतःचा संघ सपाटून हरत होता आणि चांगली पोरं शिकागो, न्यूयॉर्कच्या श्रीमंत संघांकडे जात होती, म्हणजे सूचनेत स्वार्थ होताच. पण युक्तिवाद पक्का होता. दोनचार संघच कायम जिंकत राहिले तर बाकीच्या गावांत तिकिटं कोण काढणार? १९३६ साली पहिला ड्राफ्ट झाला. पहिला हक्क अर्थातच बेल यांच्या ईगल्सकडे. त्यांनी निवडलेला जे बरवँगर व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही.

रांगेतल्या एका जागेला म्हणतात ‘ड्राफ्ट पिक’. मी यापुढे नुसतं ‘हक्क’ म्हणेन. संघ हा हक्क स्वतः वापरू शकतो, नाहीतर दुसऱ्या संघाला देऊन खेळाडू किंवा दुसरे हक्क घेऊ शकतो. या देवाणघेवाणीला म्हणतात ‘ट्रेड’. ट्रेड आता आपल्यालाही नवा नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये संजू सॅमसन चेन्नईला आला आणि रवींद्र जडेजा व सॅम करन राजस्थानला गेले, तो ट्रेडच. फरक एवढाच की आयपीएलमध्ये माणसाच्या बदल्यात माणूस जातो, नाहीतर पैसा. तिथे पुढच्या वर्षीची, त्याच्याही पुढच्या वर्षीची रांगेतली जागा देता येते. त्या जागेवर कोण येणार, ते पोरगं आज कुठल्या कॉलेजात आहे, कुणालाच ठाऊक नसतं.

## मोहोर बघून घेतलेली बाग

कोकणात झाडं मोहोरली की व्यापारी बागेत फिरून अंदाज घेतात आणि आंबा यायच्या आधीच बागेचा सौदा ठरतो. बागायतदाराला आज रोख मिळते. अवकाळी पाऊस, तुडतुडा, उन्हाची काहिली यांचा धोका व्यापाऱ्याच्या गळ्यात. पण हंगाम साधला तर मलईही त्याचीच. ज्याला आज पैशांची गरज आहे तो आपला ‘उद्या’ विकतो, ज्याला थांबणं परवडतं तो हा ‘उद्या’ विकत घेतो.

ड्राफ्टच्या हक्कांचा बाजार याच तत्त्वावर चालतो. ‘यंदाच जिंकायचं’ असा ध्यास घेतलेला संघ पुढचे हक्क देऊन तयार खेळाडू घेतो. ज्याचं यंदा काही खरं नाही तो तयार खेळाडू देऊन पुढचे हक्क गोळा करतो. दोघांची घड्याळं वेगळी चालतात म्हणून सौदा जमतो. आणि म्हणूनच कागदावर दोघेही शहाणे दिसू शकतात.

## १२ ऑक्टोबर १९८९

त्या वर्षी फेब्रुवारीत तेलाच्या धंद्यातले जेरी जोन्स यांनी काउबॉइज संघ सुमारे १४ कोटी डॉलरला विकत घेतला. स्थापनेपासून २९ हंगाम संघाचे प्रशिक्षक असलेले टॉम लँड्री यांना त्यांनी काढलं. डॅलसमध्ये ही जवळजवळ देवघरातली मूर्ती हलवण्याची गोष्ट होती. त्यांच्या जागी जोन्स यांनी आपला कॉलेजातला सहखेळाडू जिमी जॉन्सन आणला. कॉलेज फुटबॉलमध्ये जॉन्सन यशस्वी होते, पण या लीगचा अनुभव शून्य.

हाती आलेला संघ पार खिळखिळा. त्या हंगामात तो १६ पैकी १५ सामने हरला. नाव घ्यावा असा अनुभवी खेळाडू एकच, हर्शेल वॉकर. चेंडू काखोटीला मारून समोरच्या भिंतीत घुसणारा गडी. आधीच्या हंगामात त्याने १,५१४ यार्ड धाव घेतली होती. जॉन्सन यांनी सकाळी धावायला गेले असताना सहकाऱ्यांपुढे विचार मांडला, की वॉकरलाच देऊन टाकू. सहकाऱ्यांना वाटलं, यांचं डोकं फिरलं. उघडपणे वेडगळ दिसणारा, पण आतून अगदी सरळ असा हिशेब होता तो. वॉकर असून आपण हरतोच आहोत, वॉकर नसताना आणखी किती हरणार?

पलीकडे मिनेसोटा व्हायकिंग्ज. १९८७ च्या हंगामात हा संघ अंतिम लढतीपासून, म्हणजे सुपर बोलपासून, एक सामना दूर राहिला होता. त्यांचे व्यवस्थापक माइक लिन यांची खात्री झाली होती की आपल्याला फक्त एक वॉकर कमी आहे. जॉन्सन यांच्या हातात क्लीव्हलंडचाही देकार होता, तो त्यांनी लिन यांना घाई करायला वापरला. १२ ऑक्टोबरला सौदा झाला. सगळे खेळाडू आणि हक्क मिळून १८ गोष्टींची अदलाबदल झाली. लीगच्या इतिहासात एवढा मोठा ट्रेड झाला नव्हता.

व्हायकिंग्जना मिळाला वॉकर आणि मधल्या-खालच्या फेऱ्यांतले काही हक्क. डॅलसला मिळाले पाच खेळाडू आणि हक्कांची चळत. वर्तमानपत्रांनी डॅलसची टर उडवली. वॉकरने मिनेसोटातल्या पहिल्याच सामन्यात १४८ यार्ड मारले तेव्हा तर लिन यांना गगन ठेंगणं झालं असणार.

## खरी मेख अटीत होती

हा भाग सांगताना बहुतेक जण घाई करतात, पण गंमत इथेच आहे. डॅलसकडे आलेल्या पाचही खेळाडूंच्या शेपटीला एकेक अट बांधलेली होती. डॅलसने तो खेळाडू १ फेब्रुवारी १९९० पूर्वी संघातून काढला, तर त्याच्या बदल्यात मिनेसोटाने आपला ठरलेला हक्क द्यायचा. १९९१ आणि १९९२ चे पहिल्या-दुसऱ्या फेरीतले हक्क असे अटींमध्ये लपलेले होते.

लिन यांना वाटलं, एवढा दुबळा संघ चांगले खेळाडू कशाला काढेल? ही पोरं तिथे खेळतील आणि अटी कागदावरच राहतील. जॉन्सन यांचा बेत उलटा होता. त्यांना माणसं नकोच होती, अटी हव्या होत्या. एका खेळाडूने, डॅरिन नेल्सनने, डॅलसला यायलाच नकार दिला आणि त्याला सॅन डिएगोला पाठवावं लागलं. बाकीच्यांना मी काढणार आहे असं जॉन्सन यांनी कळवलं, तेव्हा लिन यांच्या लक्षात आलं की आपण खेळाडूही गमावले आणि हक्कही. शेवटी काही किरकोळ हक्क परत घेऊन त्यांनी तडजोड केली. डॅलसने त्यातले तीन खेळाडूही ठेवले आणि मोठे हक्कही.

पुढचं रेकॉर्डवर आहे. १९९० च्या ड्राफ्टमध्ये मिनेसोटाचा २१ वा हक्क आणि वर थोडी भर घालून डॅलस १७ व्या जागेवर सरकला आणि एमिट स्मिथला घेतलं. कारकीर्द संपली तेव्हा त्याच्या नावावर १८,३५५ यार्ड होते. हा विक्रम आजही उभा आहे. १९९१ मध्ये याच साठ्यातला एक हक्क मोडून पहिल्या क्रमांकावर रसेल मेरीलंड आला, १९९२ मध्ये केव्हिन स्मिथ आणि डॅरेन वुडसन. १९९२, १९९३ आणि १९९५ या तीन हंगामांत डॅलसने सुपर बोल जिंकला. मिनेसोटात वॉकरला एकाही हंगामात हजार यार्ड धावता आले नाहीत. १९९१ नंतर तो तिथून गेला.

## हे नुसतं नशीब नव्हतं का?

बरंचसं होतं. हक्क मिळाला म्हणजे खेळाडू मिळाला असं नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाने २०२१ मध्ये पहिल्या फेरीतले तीन हक्क ओतून तिसरा क्रमांक मिळवला आणि ट्रे लान्सला घेतलं. दोन वर्षांनी त्याला चौथ्या फेरीतल्या एका हक्कावर दुसऱ्या संघाला दिलं. घेणारा संघ डॅलसच. दरम्यान २०२२ मध्ये त्याच सॅन फ्रान्सिस्कोने अगदी शेवटच्या, २६२ व्या हक्कावर घेतलेला ब्रॉक पर्डी त्यांचा मुख्य खेळाडू होऊन बसला. या खेळातला सर्वांत गाजलेला खेळाडू टॉम ब्रेडी २००० साली १९९ वा निवडला गेला होता.

केड मॅसी आणि पुढे अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले रिचर्ड थेलर यांनी यावर अभ्यास केला. एकाच जागेवर खेळणाऱ्या दोन लागोपाठ निवडल्या गेलेल्या खेळाडूंपैकी आधी निवडलेला सरस निघण्याची शक्यता त्यांना ५२ टक्क्यांच्या आसपास दिसली. म्हणजे नाणेफेकीहून जराशी बरी. तरी संघ पुढच्या जागेसाठी जीव टाकतात, कारण ‘मला माणूस ओळखता येतो’ हा भ्रम सुटत नाही.

मग शहाणपण कशात? माझ्या मते, नेम चांगला असण्यात नाही, जास्त दगड हातात असण्यात आहे. जॉन्सनही चुकले. १९८९ मध्येच त्यांनी पूरक ड्राफ्टमध्ये, म्हणजे मुख्य ड्राफ्टनंतरच्या छोट्या निवडीत, स्टीव्ह वॉल्शला घेतलं आणि त्यासाठी १९९० चा पहिल्या फेरीतला हक्क गेला. संघ तळाला गेल्यामुळे तो हक्क पुढे पहिल्या क्रमांकाचा ठरला असता! म्हणजे वॉकरचा सौदा झाला नसता तर १९९० ला डॅलसकडे पहिल्या फेरीचा हक्कच नव्हता आणि एमिट स्मिथ दुसऱ्याच कुणाच्या अंगणात धावला असता. एवढी मोठी चूक पचली, कारण जवळ साठा होता.

## भाव कोण ठरवतं?

दहावा हक्क देऊन पंचविसावा आणि चाळिसावा घ्यावा का? पूर्वी हे अंदाजपंचे चाले. १९९१ च्या सुमारास डॅलसच्याच माइक मकॉय या भागीदाराने, जो पेशाने अभियंता होता, जुने सौदे मांडून प्रत्येक हक्काला गुण देणारा तक्ता बनवला. पहिल्या हक्काला ३,००० गुण, दुसऱ्याला २,६००, सोळाव्याला १,०००, बत्तिसाव्याला ५९०. उतार किती तीव्र आहे बघा. हळूहळू सगळ्या लीगने हा तक्ता उचलला. पुढच्या वर्षीच्या हक्काचा भाव तर साधारण एक फेरी खाली धरतात, कारण थांबण्याचीही किंमत असते.

याच संघात आकडेमोडीची परंपरा आणखी जुनी आहे आणि तिच्यात एक आपला माणूस आहे. साठच्या दशकात काउबॉइजचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम यांनी खेळाडू पारखायला संगणक वापरायचं ठरवलं. ते काम आलं आयबीएमच्या एका उपकंपनीत असलेल्या सलाम कुरेशी या भारतीय संख्याशास्त्रज्ञाकडे. अलीगढचे विद्यार्थी. त्यांना क्रिकेट कळे, अमेरिकन फुटबॉल नाही. बहुधा त्यामुळेच काम जमलं. पारखी मंडळी खेळाडूंबद्दल वापरत असलेल्या असंख्य विशेषणांची छाटणी करत ते पाच गुणांवर आले. स्वभाव, चपळाई, जिद्द, डोकं आणि ताकद.

## मुद्दाम हरलं तर?

शेवटच्याला पहिली जागा मिळते, तर हरण्यातच फायदा नाही का? आक्षेप खरा आहे. अमेरिकन बास्केटबॉल लीगने यावर उपाय म्हणून १९८५ पासून तळाच्या संघांमध्ये सोडत काढायला सुरुवात केली. फुटबॉल लीगमध्ये सोडत नाही. खेळाडू मात्र मुद्दाम हरत नाहीत. त्यांचे करार अशाश्वत असतात आणि वाईट खेळ दिसला तर पुढच्या वर्षी नोकरी जाते. व्यवस्थापन फार तर चांगले खेळाडू विकून संघ दुबळा करतं. १९८९ चा डॅलस यात बसतो का? बसतो, असंच मला वाटतं. पण तो आधीच बुडालेला होता.

हे हक्क इतके मोलाचे आहेत की लीग शिक्षाही त्यातच करते. खेळाडू-प्रशिक्षकांशी नियमबाह्य संपर्क साधल्याबद्दल मायामीचा २०२३ चा पहिल्या फेरीतला हक्क काढून घेतला होता.

## खेळाडूंना कोणी विचारतं का?

आपल्याकडच्या वाचकाला सर्वांत जास्त खटकतं ते हे. बावीस वर्षांच्या मुलाने कुठल्या शहरात नोकरी करायची ते दुसऱ्यांनी ठरवायचं?

कायद्यालाही ते खटकलं होतं. वॉशिंग्टनने १९६८ मध्ये निवडलेला जेम्स ‘याझू’ स्मिथ मानेच्या दुखापतीने खेळाला मुकला आणि न्यायालयात गेला. खुल्या बाजारात मला जास्त पैसे मिळाले असते, हे त्याचं म्हणणं. १९७८ मध्ये अपील न्यायालयानेही म्हटलं की तेव्हा चालत होता तसा ड्राफ्ट स्पर्धाविरोधी आहे. तरीही ड्राफ्ट टिकला, कारण एव्हाना खेळाडूंच्या संघटनेने मालकांशी सामूहिक करार करून त्याला मान्यता दिली होती. संघटना नव्या मुलांची मोकळीक देते आणि जुन्या खेळाडूंसाठी पैसे-सवलती पदरात पाडून घेते. नवे अजून संघटनेत आलेले नसतात, त्यांचं मत विचारणार कोण? हा व्यवहार चोख असला तरी न्याय्य आहे असं मी म्हणणार नाही.

वजन असलेला खेळाडू अडून बसू शकतो. जॉन एल्वे १९८३ मध्ये बाल्टिमोरला नाही म्हणाला आणि डेन्व्हरला गेला. वॉकरने मिनेसोटाला जाण्यासाठी डॅलसकडून साडेबारा लाख डॉलर घेतले. बाकीचे मुकाट सामान बांधतात.

## मग पार्सन्स हा दुसरा वॉकर ठरेल?

मला शंका आहे. दोन गोष्टी बदलल्या आहेत.

पहिली, पैशांची मर्यादा. १९८९ मध्ये संघ पगारावर हवे तेवढे उधळू शकत होते. १९९४ पासून ‘सॅलरी कॅप’ आली, म्हणजे सगळ्या खेळाडूंच्या पगाराला मिळून कमाल मर्यादा. २०२५ साठी ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. डॅलसचा डॅक प्रेस्कॉट वर्षाला सरासरी ६ कोटी घेतो, सीडी लॅम्ब ३ कोटी ४० लाख. पार्सन्सला ग्रीन बेने दिले सरासरी ४ कोटी ७० लाख. तिघे मिळून अर्ध्याहून जास्त मर्यादा खाणार आणि उरलेल्या पन्नास जणांना उरलेलं. नवख्यांचे पगार २०११ पासून बांधून दिलेले असल्यामुळे हक्काला आणखी किंमत आली, कारण चांगला नवखा हा पहिली चार वर्षं स्वस्तातला मजूर असतो. पार्सन्स स्वतः तसाच होता. २०२१ मध्ये डॅलसने दहाव्या जागेवरून बाराव्यावर मागे सरकून, वर एक तिसऱ्या फेरीचा हक्क कमवून, त्याला घेतलं होतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मिनेसोटा वॉकर घेऊन घसरला आणि १९९० मध्ये ६ सामने जिंकून १० हरला, म्हणून त्याचे हक्क वधारले. ग्रीन बे हा सहसा वरच्या निम्म्यात राहणारा संघ आहे. त्याचा हक्क पंचविसाव्या जागेच्या आसपास पडला असं धरलं तर मकॉयच्या तक्त्यात त्याचे ७२० गुण, दोघांचे मिळून १,४४०. सातव्या क्रमांकाच्या एका हक्काला १,५०० गुण आहेत. पार्सन्सच्या तोडीच्या खेळाडूसाठी हे स्वस्तच. सौद्यानंतर महिन्याभरातच दोन्ही संघ डॅलसच्या घरच्या मैदानावर भिडले आणि सामना ४०-४० असा सुटला. तेव्हा दोन्हीकडच्या लोकांनी तोच पुरावा म्हणून फिरवला, पण एका सामन्यावरून अशा सौद्याचं काही कळत नाही.

जॉन्सन यांनी हक्क साठवले आणि वाट पाहिली. जोन्स यांनी नोव्हेंबर २०२५ मध्येच २०२७ चा पहिल्या फेरीतला एक हक्क आणि २०२६ चा दुसऱ्या फेरीतला हक्क न्यूयॉर्क जेट्सला देऊन क्विनन विल्यम्स हा तयार बचावपटू घेतला. वॉकरचं नाव घेऊन दोन महिने होतात न होतात तोच ते लिन यांच्या बाजूला जाऊन बसले.